मोटारीचे मिटते दिवे आणि दोषाचा शोध



कामगार संघटनेचे काम करणारा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाई, बोनस नाहीतर कंत्राटी कामगार यांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र मी मोटारीच्या दिव्यांवर बोलणार आहे, आणि तेही आपल्या गावात क्वचितच दिसणाऱ्या दिव्यांवर. काही जुन्या परदेशी मोटारींचे पुढचे दिवे दिवसा बॉनेटच्या आत झाकलेले असतात आणि रात्री बटण दाबले की झोपेतून जागे झाल्यासारखे वर येतात. काम संपले की पुन्हा मिटतात. हे दिवे बिघडले तर विजेचा दोष कसा हुडकावा, एवढाच आजचा विषय.

विषय लहान आहे हे मला कबूल आहे. परंतु दोष हुडकण्याची जी रीत येथे लागते तीच घरच्या पंख्याला, रिक्षाच्या दिव्याला आणि कारखान्यातल्या प्रेसला लागते. ती रीत न पाळल्यामुळे पैसा वाया जातो, आणि कधी कधी एखाद्या निरपराध माणसाच्या भाकरीवर गदा येते. ते कसे, हे शेवटी सांगेन.

निमित्त असे घडले. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा इंग्लंडात नोकरीला असतो. संघटनेत पूर्ण वेळ येण्यापूर्वी मी वायरमनचे काम करीत होतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने तेथे हौसेने तीस वर्षांची एक दोन माणसांची मोटार घेतली. तिचे दिवे मिटणारे होते. एका रात्री त्याचा फोन आला. "काका, डावा दिवा अर्ध्यावर अडकतो. कोरड्या हवेत रडतखडत वर येतो आणि पाऊस पडला की मध्येच उभा राहतो. मी नवी मोटार आणून बसवली, तरी तेच." मी विचारले, "मोटारच बिघडली आहे हे तुला कोणी सांगितले?" तो म्हणाला, "दुसरे काय असणार?"

"दुसरे काय असणार" या तीन शब्दांनी जगात जितके पैसे बुडाले असतील तितके चोरांनीही नेले नसतील. त्या मोटारीचे नाव मी सांगत नाही. तीस वर्षांच्या पावसापाण्याने जो दोष झाला तो बनविणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

असे दिवे का निघाले?

अशा दिव्यांची पहिली गाजलेली मोटार म्हणजे अमेरिकेतील कॉर्ड ८१०. गॉर्डन ब्यूरिग याने तिची घडण ठरविली आणि १९३५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. तिचे दिवे पुढच्या मडगार्डांत लपविलेले होते. ते उघडण्यासाठी चालकाला आतला दांडा हाताने फिरवावा लागे, आणि प्रत्येक दिव्याला दांडा निराळा होता. पुढे १९६२ साली इंग्लंडातील लोटस एलान या मोटारीत इंजिनाच्या शोषणाने दिवे हलविण्याची योजना आली. १९६३ च्या अमेरिकन शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये हेच काम विजेच्या मोटारींनी होऊ लागले. त्यानंतर इटलीची फियाट एक्स १/९, इंग्लंडची ट्रायम्फ टीआर ७, जर्मनीची पोर्शे ९२४ आणि ९४४, आणि १९८९ साली आलेली जपानची माझदा एमएक्स-५, अशा कितीतरी मोटारींनी विजेचे मिटते दिवे वापरले.

ही केवळ नखऱ्याची गोष्ट नव्हती. मोटारीचे नाक जितके खाली तितका वाऱ्याचा अडथळा कमी. परंतु दिवा जमिनीपासून ठराविक उंचीवर असला पाहिजे असा कायदा होता. अमेरिकेत ही किमान उंची २२ इंच. शिवाय तेथे १९४० पासून १९८३ पर्यंत ठराविक मापांचेच सीलबंद दिवे वापरावे लागत. नाक खाली हवे आणि दिवा वर हवा, अशा पेचातून कारागिरांनी वाट काढली, ती म्हणजे दिवसा मिटणारा आणि रात्री उठणारा दिवा. १९८३ मध्ये अमेरिकेचा नियम सैल झाला आणि हव्या त्या आकाराचे दिवे करता येऊ लागले. पायी चालणाऱ्याला धडक बसली तर त्याला कमी इजा व्हावी, हाही विचार युरोपात पुढे आला, आणि वर आलेला टणक दिवा त्यात बसेना. २००४ साली कॉर्व्हेटची पाचवी पिढी आणि लोटस एस्प्री बंद झाल्या, आणि मोठ्या संख्येने निघणाऱ्या मोटारींतून मिटते दिवे गेले. म्हणजे आज अशी जी मोटार दिसेल तिचे वय निदान वीस वर्षांचे असणार. आणि वय झालेल्या तारांचे दुखणे माणसाच्या सांध्यांसारखेच असते. ते हवेवर बदलते, आणि दुखते एकीकडे तर मूळ दुसरीकडेच.

यंत्र कसे चालते?

दोष शोधण्यापूर्वी निर्दोष यंत्र कसे चालते ते डोळ्यांपुढे हवे. येथे पाच गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट स्विच. चालक तो दाबतो. परंतु दिवे उचलणारा जड प्रवाह स्विचमधून जात नाही. स्विच फक्त हुकूम देतो. दुसरी गोष्ट रिले. रिले म्हणजे एका डबीतला लहानसा विद्युच्चुंबक. स्विचकडून थोडासा प्रवाह आला की तो आतली पट्टी ओढतो, "टक्" असा आवाज होतो, आणि जड प्रवाहाची वाट उघडते. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष मोटार. काही गाड्यांत एकच मोटार दांड्यांच्या जोडणीने दोन्ही दिवे हलविते. पोर्शे ९२४ आणि ९४४ मध्ये तसे आहे. माझदा एमएक्स-५ किंवा ट्रायम्फ टीआर ७ मध्ये प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटार असते.

चौथी गोष्ट मोठी गमतीची आहे. पुष्कळशा रचनांत ही मोटार एकाच दिशेने फिरते. तिच्या आसावर एक लहान आडवा दांडा असतो. अर्धा फेरा झाला की दिवा वर आणि उरलेला अर्धा फेरा झाला की दिवा खाली. पण अर्ध्या फेऱ्यावर थांबायचे हे मोटारीला कोण सांगणार? त्यासाठी आत एक चकती बसविलेली असते. तिच्यावर पितळी पत्र्याचा भाग असतो आणि मध्ये खाच असते. पितळी भागावरून प्रवाह जातो, खाच आली की तुटतो. दिवा पुरता वर आला की एक खाच येते, पुरता मिटला की दुसरी. या चकतीला आपण थांबा-चकती म्हणू.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तिचीच लोकांना आठवण राहत नाही. ती म्हणजे परतीची वाट. वीज ही जाऊन परत येणारी प्रवासी आहे. बॅटरीच्या प्लस टोकाकडून निघून मोटारीत काम करून ती मायनस टोकाकडे परत आली तरच काम होते. मोटारगाडीत ही परतीची वाट तारेची नसते. गाडीचा पत्राच ती वाट असतो. म्हणून मोटारीची एक तार जवळच्या पत्र्याला बोल्टाने आवळलेली असते आणि बॅटरीचे मायनस टोकही पत्र्याला जोडलेले असते. आपले वायरमन याला "बॉडी अर्थ" म्हणतात. जाण्याच्या वाटेवर रंगीत तारा, फ्यूज, रिले असा थाट असतो. परतीच्या वाटेवर फक्त एक बोल्ट, आणि तोही गंजलेला. कारखान्यात माल बाहेर पडताना सर्वांना दिसतो, पण कामगार घरी कसा पोचतो ते कोणी पाहत नाही, तसेच हे आहे.

हात घालण्यापूर्वी

कामाला लागण्यापूर्वी बॅटरीचे मायनस टोक काढून ठेवावे. अर्ध्यावर अडकलेला दिवा केव्हा एकदम हलेल याचा नेम नाही, आणि त्या दांड्यांच्या कात्रीत बोट सापडले तर ते दांडे दयामाया दाखवीत नाहीत. कारखान्यातही यंत्रात हात घालण्यापूर्वी वीज तोडून स्विचला कुलूप लावावयाचे असते आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवावयाची असते. इंग्रजीत त्याला लॉकआउटच म्हणतात. टाळेबंदीचा हा एकच प्रकार असा आहे की ज्याला कामगार संघटनेचा मनापासून पाठिंबा असतो!

बॅटरी तोडल्यावर दिवा हाताने वर करून पाहावा. बहुतेक मोटारींवर त्यासाठी एक गुंडी असते, ती बहुधा रबरी टोपीखाली दडलेली असते. ती फिरविली की दिवा हळूहळू उठतो. गुंडी सहज फिरली तर सांधे मोकळे आहेत. मग दोष विजेत शोधावा. गुंडी घट्ट असेल तर सांधे गंजले आहेत, आणि वीज तेथे निरपराध आहे. अडकलेल्या दांड्याशी झुंजणारी मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि फ्यूज उडविते. अशा वेळी फ्यूज बदलणारा माणूस ताप उतरावा म्हणून थर्मामीटर बदलणाऱ्यासारखा होय.

आमच्या मुलाच्या गाडीत गुंडी लोण्यासारखी फिरली. एक शंका गेली.

एक की दोन्ही?

आता पहिला प्रश्न विचारावा: एकच दिवा अडतो की दोन्ही? हा प्रश्न फुकटचा आहे. त्याला हत्यार लागत नाही, आणि तो अर्धे काम करून टाकतो. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटार असलेल्या गाडीत दोन्ही दिवे एकदम मेले तर दोष दोघांच्या सामाईक भागात असला पाहिजे: मुख्य फ्यूज, स्विच, सामाईक रिले किंवा तेथपर्यंतची तार. दोन मोटारी एकाच रात्री आपापल्या कारणाने मरणे फारसे संभवत नाही. उलट एकच दिवा अडत असेल तर सामाईक भाग निर्दोष मानून त्या बाजूच्या खास भागांकडे वळावे: त्याची मोटार, त्याची थांबा-चकती, त्याचा कनेक्टर, त्याची परतीची वाट.

दुसरा प्रश्न: दिवा कसा अडतो? मुळीच न हलणे, हळू हलणे, मध्येच थांबणे आणि न थांबणे ही चार निरनिराळी लक्षणे आहेत. दिवा सारखा उठाबशा काढीत असेल, तर मोटार उत्तम आहे. थांबवणारा कामावर नाही. थांबा-चकतीचा संपर्क तुटत नाही किंवा रिलेची पट्टी चिकटून बसली आहे. दिवा दर वेळी त्याच जागी थांबत असेल आणि हाताने थोडा पुढे ढकलल्यावर चालू होत असेल, तर चकतीवर त्या जागी मळ किंवा झीज आहे. आणि दिवा मंदावत असेल, वाटेल तेथे थांबत असेल, पावसात अधिकच बिघडत असेल, तर मोटारीला पुरेशी वीज मिळत नाही, अशी शंका प्रथम घ्यावी. उपाशी माणूस हळू चालतो म्हणून त्याला आळशी ठरवू नये.

मी मुलाला आणखी एक प्रश्न विचारला, "डाव्या दिव्याचा प्रकाश उजव्याइतकाच आहे का?" तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "नाही काका, जरा पिवळट आहे. पण मला वाटले, बल्ब जुना असेल." येथेच मला अर्धा उलगडा झाला. दिवा उचलणारी मोटार वेगळी आणि प्रकाश देणारा बल्ब वेगळा. त्यांच्याकडे जाणाऱ्या तारा वेगळ्या, फ्यूज वेगळे. मग दोघेही एकाच वेळी मंद का? दोघांमध्ये सामाईक असे काय आहे? परतीचा बोल्ट!

परंतु शंका म्हणजे पुरावा नव्हे. शंकेवर शिक्षा देऊ नये, आणि शंकेवर भागही बदलू नये.

मीटर खोटे बोलत नाही, पण प्रश्न बरोबर हवा

मुलाजवळ मल्टिमीटर होता. त्याने बॅटरी पुन्हा जोडली होती, मोटारीचा कनेक्टर सोडविला होता आणि त्याच्या दोन टोकांना मीटर लावले होते. मीटरने १२.५ व्होल्ट दाखविले. "वीज तर पुरी येते," असे म्हणून त्याने मोटार दोषी ठरविली. ही चूक मोठमोठे कारागीर करतात, म्हणून ती नीट समजून घेऊ.

मल्टिमीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. तारेचे सारे धागे तुटून एकच उरला असला, किंवा बोल्टाखाली गंजाचा थर असला, तरी मीटरला लागणारा नखाएवढा प्रवाह त्यातून सहज जातो आणि मीटर पुरा आकडा दाखविते. मोटार जोडून ती खरा प्रवाह मागू लागली म्हणजे ती अरुंद वाट उघडी पडते. बंद नळाच्या पाइपात दाब पुरा असतो, तोटी उघडल्यावर पाणी थेंब थेंब येते, ही चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या माणसाला सांगावयास नको.

हिशेब करून पाहू. मोटार ६ अँपिअर ओढते आणि गंजलेल्या बोल्टाचा रोध फक्त अर्धा ओहम आहे असे धरा. ६ गुणिले अर्धा म्हणजे ३ व्होल्ट त्या बोल्टावरच खर्च होतात. बाराच्या जागी मोटारीच्या वाट्याला ९ येतात. शिवाय त्या बोल्टावर ६ गुणिले ३, म्हणजे १८ वॅट उष्णता निर्माण होते. तिने गंज वाढतो, गंजाने रोध वाढतो. कर्जावरच्या व्याजासारखेच हे चक्र आहे.

म्हणून मोजणी करावयाची ती काम चालू असताना. मी मुलाला सांगितले, "कनेक्टर परत जोड. त्याच्या मागून मीटरची टोके घाल. कोणालातरी स्विच दाबायला बसव आणि दिवा उठत असताना मोज. हात दांड्यांपासून दूर ठेव." त्याने चार मोजण्या केल्या. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १२.२ व्होल्ट. मोटारीच्या दोन तारांमध्ये ७. बॅटरीच्या प्लसपासून मोटारीच्या प्लस तारेपर्यंत ०.४. मोटारीच्या परतीच्या तारेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ४.८. आता जमाखर्च पाहा: ७ अधिक ०.४ अधिक ४.८, बरोबर १२.२. पै न् पैचा हिशेब लागला. फ्यूज, रिले, स्विच आणि सारी जाण्याची वाट यांनी मिळून अर्ध्या व्होल्टाहूनही कमी खाल्ले, आणि जिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते त्या परतीच्या वाटेने जवळजवळ पाच व्होल्ट गिळले. निरोगी परतीच्या वाटेवर हा आकडा ०.२ च्या आसपास असावा.

एक शेवटची खात्री. मी म्हटले, "एक जाड तार घे. एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे मोटारीच्या परतीच्या तारेला लाव." त्याने तसे केले आणि स्विच दाबला. दिवा टुणकन वर आला. मुलगा हसू लागला, पण लगेच हिरमुसला, कारण काढून टाकलेली जुनी मोटार त्याला आठवली. तीही निर्दोष होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुरुस्ती पाऊण तासाची. डाव्या दिव्यामागे पत्र्याला आवळलेला बोल्ट त्याने सोडविला. तेथे मोटारीची आणि बल्बची, अशा दोन्ही परतीच्या तारा होत्या. खाली रंग, गंज आणि हिरवा कळंक. त्याने पत्रा चमकेपर्यंत सँडपेपरने घासला, तारेचे कान नवे बसविले, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. मोटार तर उठलीच, पण बल्बही पांढराशुभ्र झाला.

इतर आरोपी

सर्व खटल्यांत बोल्टच दोषी निघतो असे नव्हे. म्हणून इतरांविषयी थोडक्यात सांगतो.

फ्यूज डोळ्यांनी पाहून चालत नाही. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना वीज आहे का ते मोजावे. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो बिचारा आपले कर्तव्य करीत आहे. १५ च्या जागी ३० चा बसविणे, किंवा आपल्याकडे करतात तशी तार गुंडाळणे, म्हणजे ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचे तोंड बांधणे. मग पुढचा फ्यूज म्हणजे गाडीचे वायरिंगच, आणि तो उडताना आग लागते.

रिलेचा "टक्" आवाज ऐकून समाधान मानू नये. चुंबकाने पट्टी ओढली एवढेच त्यावरून कळते. पट्टीवरचे बिंदू जळलेले असतील तर प्रवाह पुढे जात नाही. "आपल्या मागण्यांचा विचार चालू आहे" असे व्यवस्थापनाचे पत्र आले म्हणून पगार वाढत नाही, तसेच हे. रिलेपुढच्या तारेवर वीज येते का ते पाहावे. गाडीत तसाच दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहावी. त्याला पैसा पडत नाही.

मीटर नसेल तर २१ वॅटचा साधा बल्ब दोन तारांना जोडून घ्यावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून त्याला मीटरसारखे फसविता येत नाही. अरुंद वाटेवर तो मिणमिणतो. मात्र ही युक्ती जुन्या, साध्या गाड्यांसाठी आहे. संगणक बसविलेल्या नव्या गाड्यांत वाटेल त्या तारेला असा बल्ब लावू नये.

आणखी एक लक्षण ध्यानात ठेवावे. दिवा नीट वर येतो, पण पेटत नाही, किंवा उठता उठता लुकलुकतो. येथे मोटारीचा काही संबंध नाही. बल्बकडे जाणाऱ्या तारा दिव्याबरोबर दर वेळी वाकतात आणि सरळ होतात. हजारो वेळा वाकल्यावर आतले तांबे तुटते, पण वरचे प्लास्टिक शाबूत राहते. तार दिसावयास धडधाकट, आत मात्र तुटलेली. ती हाताने हळूच वाकवून पाहावी म्हणजे दिवा कबुलीजबाब देतो.

बिघाड कोणत्या बाजूला व्हावा?

आता विषयाच्या गाभ्याशी येतो. अंधारात ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा दिवा आपोआप मिटला तर काय होईल, याचा विचार आपणच करा. म्हणून अमेरिकेत १९६९ पासून झाकणाऱ्या दिव्यांसाठी एक स्वतंत्र सुरक्षा-मानक लागू झाले. त्याचा आशय असा: दिवा पेटलेला असताना त्याला हलविणाऱ्या यंत्रणेची वीज गेली तरी तो उघडाच राहिला पाहिजे, आणि यंत्रणा बिघडली तरी हत्यारांवाचून तो उघडता आला पाहिजे. विजेच्या मोटारींत बहुधा असा दंतचक्राचा जोड असतो की मोटार चक्राला फिरवू शकते, पण दिव्याचे ओझे मोटारीला उलटे फिरवू शकत नाही. म्हणून वीज गेली तरी दिवा आहे तेथेच राहतो.

यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. बिघाड होणार नाही असे त्या नियमाने म्हटले नाही. बिघाड होणारच हे धरून तो कोणत्या बाजूला व्हावा, हे त्याने ठरवून दिले. कारखान्यातल्या यंत्रांना आम्ही हीच कसोटी लावतो: तार तुटली तर प्रेस थांबली पाहिजे, हातावर पडता कामा नये.

सुरुवातीला दिलेले वचन आता पुरे करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला एक पॉवर प्रेस मधूनमधून आपोआप थांबे. उत्पादन घटले. प्रेस चालविणाऱ्या कामगाराला "जाणूनबुजून काम मंद करतो" असा आरोप ठेवून निलंबित केले. खात्यांतर्गत चौकशीत त्याच्या बाजूने मी उभा होतो. मला कायद्याची पदवी नाही, पण तारेची थोडी ओळख होती. मी विचारले, "यंत्र दुसऱ्याच्या हाती असताना थांबते का?" नोंदवही उघडली. थांबत होते, आणि त्याच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशीही थांबत होते. म्हणजे एकच दिवा की दोन्ही, हाच तो प्रश्न! मग आम्ही प्रेसच्या संरक्षक जाळीच्या दारावरचा स्विच तपासला. दार दर वेळी उघडताना आणि लागताना त्याची तार वाकत असे. वरचे प्लास्टिक शाबूत, आत तांबे तुटलेले. यंत्र थांबत होते ते योग्यच होते; बिघाड सुरक्षित बाजूला झाला होता. दोष मात्र माणसावर ढकलला गेला होता. आरोप मागे घेतला गेला आणि बुडालेला पगार मिळाला. ती तार बदलण्यास एक तास लागला. त्या तासाअभावी त्या माणसाच्या घरी चूल कशी पेटली असेल, हे मी त्याच्या घरी जाऊन पाहिले होते.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. परंतु बंब चुकीच्या गावी जातो याचे कारण बहुधा इतकेच असते की आग कोठे आहे हे कोणी विचारलेले नसते. मोटारीचा दिवा अडो की कारखान्याचा प्रेस अडो, आधी विचारावे: एकटाच अडतो की सारेच? केव्हा अडतो? काम चालू असताना मोजले काय? आणि परतीची वाट पाहिली काय? एवढे विचारून मगच कोणाला दोषी ठरवावे, मग तो आरोपी रिले असो की माणूस.

घरी गेल्यावर एखादा पंखा हळू फिरताना दिसला तर त्याला लगेच जुना ठरवून टाकू नका, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.